सिस्टर झोपल्या तर पास

माझ्या मामाला बोलता येत नाही, फक्त ओरडता येतं. "चहा घेणार का?" हे तो अशा आवाजात विचारतो, की नवं गिऱ्हाईक दचकून "नको, नको" म्हणतं. पत्ता विचारायला थांबलेला माणूस पत्ता न घेताच पुढे निघून जातो. त्यात राग अजिबात नसतो. स्वभाव लोण्यासारखा, आवाज तेवढा पत्र्याचा. गल्लीत सगळे त्याला भोंगा म्हणतात, आणि त्याला ते नाव मनापासून आवडतं, कारण त्याचा धंदाच आवाजाचा आहे.

मामा गाड्यांचे सायलेन्सर बदलतो. गाडीसोबत आलेली धुराची अरुंद नळी आणि तिच्या टोकाचा जड डबा काढायचा, आणि त्याजागी रुंद, गुळगुळीत स्टेनलेस स्टीलची नळी आणि हलका डबा बसवायचा. इंजिनाला धूर बाहेर टाकायला कमी कष्ट पडतात, आणि गाडी गुरगुरायला लागते. खरं सांगायचं तर लोक येतात ते गुरगुरण्यासाठीच.

मी मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकले. परीक्षा संपल्यावर नोकरीच्या पत्राची वाट बघत घरात बसण्यापेक्षा मामाकडे चार गोष्टी हाताने कराव्यात म्हणून गेले, आणि तिथेच रमले. मामा मला गिऱ्हाइकांसमोर "आमच्या इंजिनिअरीणबाई" म्हणायचा आणि लगेच पुढे "पाना आण गं" असंही म्हणायचा.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मध्ये गाडी वर उचलायची लिफ्ट, भिंतीवर खुंट्यांना अडकवलेल्या वाकड्यातिकड्या नळ्या, आणि मागच्या कोपऱ्यात सकाळपासून धडधडणारा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरच्या शेजारी वेल्डरदादा. काळा मुखवटा वर सरकवला तरच ते बोलतात, आणि मुखवटा वर सरकवायचा त्यांना कंटाळा. दाराशी मामीचं टेबल. फोन, सुटे भाग मागवणं, कुणाची गाडी कधी, हे सगळं मामीकडे.

मामीचं एक गुपित होतं, जे मामा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या लक्षात आलं, की हळू बोललेलं या माणसाला ऐकू येत नाही. तेव्हापासून ती त्याच्या प्रत्येक वाक्याला खाली मान घालून पुटपुटत उत्तर द्यायची.

"या गल्लीत माझ्यासारखा कान कुणाला नाही," मामा गिऱ्हाइकाला सांगायचा.

"कान आहेत, ऐकू येत नाही एवढंच," मामी कागदांकडे बघत म्हणायची.

आम्ही हसायचो. मामाला वाटायचं आपलं बोलणं रंगतंय, म्हणून तो आणखी एक फेकायचा. मामी आणखी एक पुटपुटायची. दुकानाची करमणूक अशी फुकटात चालायची.

काम पुरं झालं की दुकानात पाठमोरी परीक्षा व्हायची. ही मामाची पद्धत. आम्ही सगळ्यांनी गाडीकडे पाठ करून, डोळे मिटून उभं राहायचं. मामा आत बसून ॲक्सिलरेटर दाबायचा आणि सोडायचा. मग प्रत्येकाने एका शब्दात सांगायचं. मी "छान" म्हणायचे, मामी "चालेल" म्हणायची आणि वेल्डरदादा मुखवट्यातून "हं" करायचे. मामाच्या मते डोळ्यांना चकचकीत नळी दिसली की कान लबाडी करतात, म्हणून पाठ. या परीक्षेत नापास झालेली गाडी मी कधी पाहिली नव्हती.

आमच्या डोक्यावर पहिल्या मजल्यावर सिस्टर राहायच्या, आणि त्यांच्यावर मालकीणबाई. सिस्टर एका हॉस्पिटलात कायम रात्रपाळी करतात. सगळं जग उठतं तेव्हा त्या झोपायला येतात, आणि नेमकं तेव्हाच आम्ही शटर वर करायचो.

एक दिवस मालकीणबाई खाली आल्या. केस बारीक कापलेले, बोटात किल्ल्यांचा जुडगा. सगळी नोकरी त्यांनी बस चालवण्यात घालवली. अजूनही खुर्चीत बसल्या की पाठ ताठ करतात आणि एकदा उजवीकडे, नसलेल्या आरशात बघतात.

"मिस्त्री, महिनाअखेरपर्यंत दुसरी जागा बघा," त्या म्हणाल्या.

मामाला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. हे त्याला नेहमीच वाटतं. "काय म्हणालात?"

"दुसरी जागा. दुकानाला." मालकीणबाईंनी आवाज चढवला. "वर ती पोरगी दिवसा झोपायची धडपड करते. परवा कामावर बसल्या बसल्या डोळा लागला तिचा, वरिष्ठांची बोलणी खाल्ली. मला म्हणाली, एक तर दुकान, नाहीतर मी. मी तिला शब्द दिलाय."

"अहो बाई, पण माझं गिऱ्हाईक इथली सवय झालेलं. लोक पाटी वाचून येत नाहीत, आवाजाच्या रोखाने येतात."

"तेच तर दुखणं आहे," मालकीणबाई म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

मी जन्मायच्या आधीपासून मामा त्या खोलीत काम करत होता. जमिनीवरचा तेलाचा कुठला डाग कुठल्या गाडीचा, हे त्याला सांगता यायचं. त्या दिवशी तो आमच्याएवढ्याच आवाजात बोलला, त्यामुळे वेल्डरदादांनी मुखवटा वर करून विचारलं, बरं नाही का. मामी टेबलाशी होती, पण मान खाली घालूनही काही पुटपुटली नाही. मला ते जास्त टोचलं.

महिना संपत आला. मामाने दोन जागा पाहिल्या आणि दोन्हींना नावं ठेवली. अशात एका दुपारी शटरसमोर लाल रंगाची, बुटकी, दोनच दारांची टर्बो स्पोर्ट्‌स कार आली, एक गचका खाऊन थांबली आणि बंद पडली. दार उघडलं. आधी एक पाय आला, मग एक हात आला, हाताने छपराची कड पकडली, आणि मग शिव्या आवरत बाकीच्या मालकीणबाई आल्या.

"कुणाची हो?" मामाने विचारलं.

"माझी. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या."

कुणी हसलं नाही. मालकीणबाईंनी बॉनेटवर हात टेकला. "आयुष्यभर उंचावर बसले, मिस्त्री. मागे बस भरून माणसं, कुणाला सुट्टे हवेत, कुणाला उतरायचंय. ठरवलं होतं, सुटले की रस्त्याला खेटून बसायचं आणि मागे कुणी नको. घेतली. पण ही मुकी निघाली."

"मुकी म्हणजे?"

"मी मीटरकडे बघून गिअर टाकणारी बाई नाही. इंजिन सांगतं, मी ऐकते, हात आपोआप जातो. ही काही सांगतच नाही. गाडी आहे की फ्रिज, कळत नाही. काटा लाल पट्ट्यात गेला तरी मला पत्ता नाही, आणि सिग्नलला टपकन बंद पडते. मागून कालची पोरं हॉर्न मारतात. मला."

माझ्यातली इंजिनिअर गप्प बसेना. "टर्बोमुळे होतं ते. धूर बाहेर पडायच्या आधी एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्त हवा कोंबतो. धुराचा जोर तिथे खर्च होतो आणि त्याबरोबर आवाजही मरतो. शिवाय पुढे डबे लावलेले असतात ते वेगळेच."

मालकीणबाईंनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि मामाकडे बोट रोखलं. "ऐका. मला आत बसून आवाज आला पाहिजे. आणि वर झोपलेल्या सिस्टरला येता कामा नये. शांततेचा नियम मीच केलाय, मीच मोडला तर तोंड दाखवायला जागा नाही. हे जमलं तर मी समजेन, तुम्हाला आवाज आवरताही येतो. मग दुकान राहू दे. नाही जमलं तर महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर."

मामाने छाती फुगवली. "बाई, निश्चिंत राहा. नुसती कुजबुजेल गाडी."

"कुजबुज कशी असते ते यांना कुणी सांगितलंय का?" मामी पुटपुटली. खूप दिवसांनी पुटपुटली, म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर चढली. मामाने त्याच्याकडच्या तयार नळ्यांमधली "सगळ्यात सभ्य" निवडली. सभ्य हा त्याचा शब्द. जुनी नळी गाडीखाली रबरी कड्यांना लटकत होती. आम्ही कड्यांना साबणाचं पाणी लावलं आणि त्या हुकांवरून ओढून काढल्या. धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याला हात लावायचा नाही, तो कायद्याने हवाच, त्यामुळे त्याच्या मागचं सगळं उतरवलं. मग नवी नळी लटकवली. तिचे सांधे मामा आधी सैलच ठेवतो. पुढून मागे दोनदा हात फिरवून नळी कुठे टेकत नाही ना ते बघतो, मग पुढच्या सांध्यापासून मागे एकेक आवळत जातो. मागचं तोंड बंपरच्या बरोबर मध्यावर आलं, तेव्हा त्याने जीभ बाहेर काढून एक डोळा मिटला आणि म्हणाला, "बघ, कशी बसलीय."

शेवटी त्याने स्पिरिटच्या फडक्याने सगळी नळी पुसली. स्टेनलेस स्टीलवर बोटांचे तेलकट ठसे राहिले, तर पहिल्यांदा नळी तापल्यावर ते भाजून कायमचे उमटतात. मग पुसून झाल्यावर, वरच्या बाजूला, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, मामाने आपला अंगठा दाबला.

"हे काय?" मी विचारलं.

"सही," मामा म्हणाला. त्याने बसवलेल्या प्रत्येक नळीवर अशी एक सही आहे. शहरातल्या कितीतरी गाड्या माझ्या मामाचा अंगठा पोटाखाली घेऊन फिरतात.

पाठमोरी परीक्षा झाली. मी फोनवर आवाज मोजायचं ॲपही सुरू केलं. गाडी सुरू नसतानाचा आकडा आणि सुरू असतानाचा आकडा जवळपास सारखाच. मी "छान" म्हणाले, मामी "चालेल", वेल्डरदादा "हं".

"पास," मामाने जाहीर केलं. "मांजर म्हणावं तर मांजर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शटर अर्धं वर करत होतो, तेव्हा मालकीणबाईंनी मागच्या अंगणात गाडी सुरू केली.

ते मांजर नव्हतं. शटर आमच्या हातात थरथरलं. समोर उभ्या असलेल्या दोन गाड्यांचे अलार्म वाजायला लागले. पहिल्या मजल्याच्या काचा थंडीत दात वाजावेत तशा वाजल्या. आम्ही मागे धावलो. मालकीणबाईंनी इंजिन बंद केलं, काच खाली केली आणि तसंच पुढे बघत बसून राहिल्या.

"मिस्त्री," त्या म्हणाल्या, "डोक्यावर पिंप घालून कुणीतरी वर काठी मारतंय असं वाटतंय. एवढ्या आवाजात मला काय गिअर कळणार?"

जिन्यावरून सिस्टर आल्या. नुकत्याच कामावरून परतलेल्या, अंगावर अजून पांढरे कपडे, गळ्यात स्टेथोस्कोप. बारीक चणीची, शांत बाई. शांत माणसं रागावली की जास्त भीती वाटते.

"काल आवाजाची परीक्षा घेतलीत ना?" त्यांनी विचारलं.

"काय?" मामा म्हणाला. "मोठ्याने बोला."

"मी दमलेय काका, मोठ्याने नाही बोलणार. परीक्षा घेतलीत तेव्हा तो तुमचा कॉम्प्रेसर चालू होता?"

आम्ही मागच्या कोपऱ्याकडे बघितलं. कॉम्प्रेसर चालूच असतो. तो बंद असतो तेव्हा दुकान बंद असतं. माझ्या फोनने काल इमानदारीने कॉम्प्रेसर मोजला होता, एकदा गाडीशिवाय आणि एकदा गाडीसकट.

"तुम्ही सगळेच दिवसभर त्या धडधडीत असता," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला काय हळू आणि काय मोठं. एकमेकांशी किती ओरडून बोलता ते माहीत आहे का?"

"मी पण?" मी विचारलं.

"तू तर आत्ताही ओरडतेयस."

मालकीणबाई उतरल्या, किल्ली मामाच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "अजून दिवस आहेत. महिनाअखेरचा शब्द दिलाय म्हणून थांबते." दोघी वर निघून गेल्या.

मामा स्टुलावर बसला. "पोरी, सगळं आयुष्य गाड्यांना कंठ फोडण्यात गेलं. आता त्यांची तोंडं दाबत बसू? बघू दुसरी जागा. ती नदीपलीकडची तेवढी वाईट नव्हती."

तेव्हा मामीने मान वर केली, आणि मी पहिल्यांदाच तिला मामाला ऐकू जाईल अशा आवाजात उलट उत्तर देताना ऐकलं.

"दाबा तोंडं. मला हे टेबल हलवायचं नाही."

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग उठला आणि मागच्या कोपऱ्यात जाऊन त्याने कॉम्प्रेसर बंद केला. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. कुठेतरी नळ ठिबकत होता; तो किती दिवस ठिबकत होता कुणास ठाऊक.

"बोल, इंजिनिअरीणबाई," मामा म्हणाला. "पुस्तकात काय म्हणतात?"

माझ्या डोक्यात सिस्टरच्या गळ्यातला स्टेथोस्कोप फिरत होता. छातीतला आवाज बाहेर उभ्या माणसाला येत नाही, पण नळी ज्याच्या कानात आहे त्याला येतो. "मामा, आपण दोन कामं एका नळीकडून करून घेतोय. बाईंना ऐकवायचं काम मागच्या नळीकडून काढून घेऊ. मागे शांत करू. आणि पुढे, इंजिनात हवा जाते त्या पाइपवर जाड रबराचा पडदा लावू. पडदा हवेबरोबर थरथरेल, हवा मात्र गळू देणार नाही. तिथून एक बारीक नळी थेट बाईंच्या पायाशी आणायची. इंजिनाचा श्वास त्यांना एकटीला ऐकू येईल."

मामाने बराच वेळ हनुवटी खाजवली. "आणि मागे ते पिंप वाजतं ते?"

"त्याला बाजूने एक नळी जोडायची, दुसऱ्या टोकाला बंद. आवाजाची लाट तिच्यात शिरते, बंद टोकावर आपटते, आणि परत येऊन दुसऱ्या लाटेला उलटी भिडते. दोघीही थंड होतात."

"म्हणजे मी आणि तुझी मामी."

"आपटून परत येते ती मीच," मामी पुटपुटली. वेल्डरदादा मुखवट्यात हसले. कॉम्प्रेसर बंद होता, त्यामुळे त्यांचं हसणं ऐकू आलं.

बंद नळीची लांबी मी काढली. धूर गरम असतो, गरम हवेत आवाज जास्त वेगाने धावतो, म्हणून नळी लांब लागते, आणि ती इतकी लांब आली की गाडीखाली मावेना. मी कागदाकडे आणि गाडीकडे आळीपाळीने बघत बसले. मामाने एक तार घेतली, गाडीखाली शिरला, तार वाकवत वाकवत मागच्या चाकाच्या वरून फिरवली आणि सुट्या चाकाच्या खोलगट जागेभोवती वेटोळं घालून बाहेर आला. "लांबी तुझी, वळणं माझी," तो म्हणाला. त्या तारेबरहुकूम त्याने नळी वाकवली. वेल्डरदादांनी ती अशी जोडली, की सांधा बोटाला लागत नव्हता. पुढे एक मधला डबाही बसवला, आणि मागचा हलका डबा काढून भरीव, जड डबा लावला. तो उचलताना मामाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आपल्या हाताने गाडीला जड डबा लावायची त्याच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती.

पडद्यासाठी मी एका जुन्या पंपाचं रबर कापलं. टर्बोच्या दाबाने पहिला पडदा फाटला आणि गाडी दम्याच्या पेशंटसारखी सुसुसु करायला लागली. दुसरा दुहेरी जाडीचा केला, तो टिकला. मी आनंदाने उठले आणि लिफ्टच्या दांड्यावर डोकं आपटलं.

"आला बघ आवाज," मामा म्हणाला.

शेवटी मामाने स्पिरिटने सगळं पुसलं. मग तो हात मागे घेऊन उभा राहिला. "हं. कर सही."

"मी?"

"लांबी तुझी ना? वरून दाब. आणि नीट दाब, ठसा फिसकटला की आयुष्यभर तसाच राहतो."

मी अंगठा दाबला. माझ्या पदवीवरच्या सहीपेक्षा मला तो अंगठा जास्त आवडतो.

आता परीक्षा कुणी घ्यायची? आमच्या कानांवर आमचाच भरवसा राहिला नव्हता. मामी वर गेली आणि सिस्टरशी बोलून आली. "त्या म्हणतात, मी नेहमीसारखी झोपते. कधी गाडी काढणार ते मला सांगू नका. उठले तर नापास."

महिन्याचा शेवट अगदी तोंडावर आला होता. दुपारी, सिस्टरच्या खोलीचा पडदा ओढून बराच वेळ झाल्यावर, आम्ही अंगणात जमलो. मामीने सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं. मालकीणबाई आत बसल्या, पाठ ताठ केली, उजवीकडे बघितलं, आणि यावेळी तिथे खरंच आरसा होता.

गाडी सुरू झाली. मला वाटलं झाली नाही. मग मागच्या तोंडातून पाण्याचे दोन थेंब पडले आणि कळलं की झाली. मी वर खिडकीकडे बघत होते. मामा माझ्याकडे बघत होता, कारण त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. मी मान हलवली. पडदा स्थिर होता.

आत मालकीणबाईंचा चेहरा बदलला. आधी भुवया वर गेल्या. मग मान थोडी कलली, जशी कुणाचं तरी बोलणं ऐकताना कलते. गाडी फाटकातून बाहेर पडली, रस्त्याच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. ना गचका, ना बंद पडणं. गिअर बदलल्याचं आम्हाला फक्त त्यांच्या खांद्यावरून कळलं. त्या थांबल्या आणि काचेतून त्यांनी आम्हाला अंगठा दाखवला. डोळे ओले होते की ऊन लागत होतं, ते त्यांनी सांगितलं नाही.

वर खिडकी बंद. पडदा स्थिर. दुकान राहिलं होतं.

आणि मग मामाला राहवलं नाही. तो खिडकीखाली गेला, मान वर केली, आणि प्रेमाने, त्याच्या मते अगदी हळू, विचारलं, "सिस्टर, झोपलायत ना हो?"

समोरच्या झाडावरचे पक्षी उडाले. पडदा सरकला. खिडकी उघडली.

मामीने कपाळावर हात मारला. मामा तसाच मान वर करून उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग खाली खाली उतरत गेला.

"काढली का गाडी?" सिस्टरने डोळे चोळत विचारलं.

"काढली, फिरवली, परतही आणली," मालकीणबाई म्हणाल्या.

"कधी?"

"आत्ता."

"मग मला उठवलं कुणी?"

सगळे मामाकडे बघत होते, त्यामुळे उत्तराची गरज पडली नाही. सिस्टर खिडकीत कोपरं टेकून उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. "आता कळलं. गाड्यांच्या आवाजाने मी उठते, पण परत झोपते. काकांच्या बोलण्यात शब्द असतात. शब्द कानात शिरले की झोप परत येतच नाही. तुमच्या दुकानातली प्रत्येक गोष्ट मला पाठ आहे, काका. फक्त मध्येमध्ये सगळे हसतात ते कशाला, तेवढं कळत नाही."

मामीने घाईघाईने पदराने घाम पुसला.

मालकीणबाईंनी किल्ल्यांचा जुडगा बोटाभोवती फिरवला. "गाडी पास. दुकान राहील. पण मिस्त्री, कॉम्प्रेसर मागच्या पडवीत जाईल, पेटीत बंद होऊन. आणि आणखी एक सायलेन्सर बसवायचा राहिलाय, तो तुम्हाला." त्यांनी वर बघितलं. "सिस्टर, यांचे कान कुठे तपासतात?"

"आमच्याकडेच. मी घेऊन जाते. आणि माझं 'दुकान नाहीतर मी' मागे घेते. इथल्या गोष्टींची सवय झालीय."

मामा म्हणाला, माझे कान ठणठणीत आहेत. हे त्याने इतक्या मोठ्याने सांगितलं की वाद तिथेच संपला.

तपासणीत निघालं ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. काही दिवसांनी मामा कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र लावून दुकानात आला. आल्या आल्या दारात थबकला. घड्याळाकडे बघून म्हणाला, "हे टिकटिक करतं?" मग वेल्डरदादांजवळ जाऊन उभा राहिला. "अरे, तू गुणगुणतोस?" दादांनी मुखवट्यातून मान हलवली. मग त्याने अंगणात सुरू असलेल्या मालकीणबाईंच्या गाडीखाली वाकून सांध्यांकडे कान लावले, एक क्लॅम्प अर्धा आटा आवळला आणि समाधानाने हात पुसले. आवाजही उतरला होता. स्वतःचं बोलणं त्याला ऐकू येत होतं आणि त्याचं त्यालाच ते जरा जास्त वाटत होतं.

दुपारी एक नवं गिऱ्हाईक आलं. मामा सवयीने म्हणाला, "या गल्लीत माझ्यासारखा कान कुणाला नाही."

"नवा आहे ना, म्हणून," मामी कागदांकडे बघत म्हणाली.

 मामीचं पेन थांबलं. मामा सावकाश वळला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"नाही, मी ऐकलं." मामाने आमच्याकडे बघितलं. मी नळ्या मोजायला लागले. "हे असं ही नेहमी बोलते?"

वेल्डरदादांनी स्वतःहून मुखवटा वर सरकवला. "रोज," ते म्हणाले आणि मुखवटा खाली घेतला.

मामा स्टुलावर बसला. मला वाटलं, आता होतंय काहीतरी. त्याने मामीकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि मनातल्या मनात इतक्या वर्षांची सगळी हसणी एकेक करून आठवत असावा तसा चेहरा केला. मग स्टूल ओढत मामीच्या टेबलापाशी नेलं.

"मागचं सगळं सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

तेव्हापासून चहाच्या वेळी मामी जुनी उत्तरं सांगते. बरीचशी तिला आठवतात, राहिलेली आम्ही आठवून देतो. मामा ऐकतो, मांडीवर थाप मारतो आणि हसतो. हसण्यावर त्या यंत्राचा अजून काही उपाय चाललेला नाही. मग वरून सिस्टर चपलेने जमिनीवर दोनदा ठोकतात. आम्ही सगळे तोंडावर बोट ठेवतो. मामा सगळ्यांच्या आधी ठेवतो, कारण हल्ली ते ठोकणं सगळ्यांच्या आधी त्यालाच ऐकू येतं.